गननं ७.८ टक्के निकेल दाखवलं, म्हणून ती उल्का ठरते का?

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात सव्वादोन किलोचा एक लोखंडी गोळा आहे. आजोबांनी तो कच्छकडून आणला होता, 'आकाशातून पडलेला' म्हणून. नंतर मात्र तो दार अडवायच्याच कामी आला. २०२४च्या पुरात तो पाण्यात बुडाला आणि तेव्हापासून त्याला तांबूस थेंब सुटतात. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्यांनी एक्सआरएफ गन (क्ष-किरण टाकून धातूतली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं यंत्र) लावून लोखंड ९१, निकेल ७.८ आणि कोबाल्ट ०.६ टक्के असा रिपोर्ट दिला. आता विचारणाऱ्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: ही उल्का आहे का, असल्यास कोणत्या गटातली, आणि घरीच कापून ॲसिड लावलं तर चालेल का.

मी वडोद्याच्या कलाभवनातून मेटलर्जी, म्हणजे धातूशास्त्र, शिकले आणि पुढचं सगळं आयुष्य धातू कापून, घासून मायक्रोस्कोपखाली बघण्यात गेलं. बहुतेक वेळा टेबलावर येतात ते तुटलेले शाफ्ट आणि तडकलेले वेल्ड, पण अधूनमधून असा एखादा 'आकाशातला' गोळाही येतो. बरेचसे भंगार निघतात, थोडे खरे असतात. तुमच्या गोळ्याचा आकडा मला आवडला, पण त्यावरून मी हो म्हणणार नाही.

कारण गननं उत्तर दिलंय ते वेगळ्याच प्रश्नाचं. तिनं सांगितलं की यात काय काय आहे. तुम्हाला हवंय ते हे की हा धातू कसा घडला. ७.८ टक्के निकेल घालून लोखंड ओतायचं तर वडोद्यातली कुठलीही बरी फाउंड्री आठवड्याभरात ओतून देईल. ते लाखो वर्षं सावकाश थंड करणं मात्र कुठल्याच भट्टीला जमणार नाही. म्हणून अशा तुकड्यात घटकांचं प्रमाण संशय निर्माण करतं आणि आतली रचना तो मिटवते.

आधी रिपोर्टच नीट वाचू. लोखंडी उल्कांमध्ये निकेल साधारण ५ टक्क्यांच्या खाली जात नाही, आणि बहुतेकांत ते ५ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असतं. तुमचा आकडा त्यात चपखल बसतो. अडचण अशी की माणसानंही निकेलचं लोखंड भरपूर बनवलंय. एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) साठवायच्या टाक्यांसाठी ९ टक्के निकेलचं पोलाद वापरतात, आणि दहेज-हजिऱ्याच्या बाजूनं असल्या कामाचं भंगार आपल्याकडे येऊ शकतं. खनिज दळायच्या गिरण्यांमध्ये घालायच्या निहार्ड नावाच्या कठीण बिडात ४ ते ७ टक्के निकेल असतं, शिवाय ते गोल आणि जड असतं, वरून गंजलं की दिसायला अगदी पुराणकाळचं. निकेल पाहून लगेच पेढे वाटणाऱ्यांची गाडी इथेच घसरते.

म्हणून मी रिपोर्ट हातात घेतला की निकेलच्या आधी मँगनीज आणि क्रोमियम बघते. कारखान्यातल्या पोलादात मँगनीज असतंच, कारण गंधकाचा त्रास मारायला आणि ऑक्सिजन काढायला ते मुद्दाम घालतात. साधारण ०.३ ते १ टक्का. सोबत सिलिकॉनही येतं. निहार्ड असेल तर दीड टक्क्यापासून पुढे क्रोमियम दिसेल. लोखंडी उल्केच्या धातूत मँगनीज जवळपास नसतंच, ०.०१ टक्क्याच्याही खाली, आणि क्रोमियमही किरकोळ. तेव्हा त्या ओळखीच्यांना फक्त एवढं विचारा: मँगनीजच्या रकान्यात काय आलं होतं? तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये तीनच मूलद्रव्यं आहेत, बाकीचं त्यांनी बहुधा छापलंच नाही. मँगनीज ०.५ आलं असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

कोबाल्टच्या ०.६वर मात्र विसंबू नका. उल्केत कोबाल्ट साधारण ०.४ ते १ टक्का असतं, त्यामुळे आकडा पाहून आनंद होणं साहजिक आहे. पण एक्सआरएफमध्ये लोखंडाची एक रेषा कोबाल्टच्या मुख्य रेषेला जवळजवळ चिकटून येते. नव्वद टक्के लोखंडाच्या शेजारी अर्धा टक्का कोबाल्ट मोजायचं तर गनचं सॉफ्टवेअर अंदाजानं वजाबाकी करतं, आणि ती कधी जमते, कधी नाही. कोबाल्ट खरंच हवं असेल तर योग्य कॅलिब्रेशन असलेलं स्पार्क स्पेक्ट्रोमीटर किंवा आयसीपी लागेल, ही दोन्ही प्रयोगशाळेतली मोजयंत्रं. दुसरं असं की गन फक्त वरचा काही मायक्रॉनचा थर बघते. तिथे गंज असेल तर तो आकडा गंजाचा, आतल्या धातूचा नव्हे. गंजताना लोखंड आणि निकेल सारख्या प्रमाणात निघून जात नाहीत. त्यामुळे आत ७ असेल किंवा ९, आज मी सांगू शकत नाही.

घनता घरच्या घरी काढता येते. वजनकाट्यावर पाण्याची बादली ठेवा, काटा शून्यावर आणा, गोळा दोरीनं लोंबकळत पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. २२५० ग्रॅमच्या गोळ्याला २९० आलं तर घनता साधारण ७.८. लोखंडी उल्का ७.५ ते ८च्या आसपास असतात. बीड ७.२च्या जवळ, मॅग्नेटाइटचा दगड ५.२, भट्टीतला स्लॅग (धातू वितळवताना निघणारी मळी) त्याहूनही हलका. पण साधं पोलादही ७.८५ असतं, तेव्हा या चाचणीनं फक्त नापास करता येतं. पृष्ठभागावर बुडबुड्यांची भोकं असतील तर तो स्लॅग किंवा ओतकाम समजा. अंगठ्यानं दाबल्यासारखे उथळ खळगे असतील तर चांगली गोष्ट, पण जुना गंजही असेच खळगे पाडतो.

आता रचनेकडे वळू, कारण खरा निवाडा तिथेच होतो.

लघुग्रहाच्या पोटात वितळलेलं लोखंड-निकेल गोठलं की आधी त्याचे मोठे स्फटिक बनतात. या अवस्थेला टॅनाइट म्हणतात. यातला प्रत्येक स्फटिक एक मीटरहून मोठाही असू शकतो. सुमारे ८ टक्के निकेलचा धातू साधारण ७०० अंश सेल्सियसच्या खाली उतरला की टॅनाइटच्या आत दुसरी अवस्था फुटू लागते, ती कॅमासाइट. कॅमासाइटला निकेल फारसं पचत नाही, ५ ते ७ टक्केच. उरलेलं निकेल तो शेजारच्या टॅनाइटमध्ये ढकलतो. टॅनाइट निकेलनं भरत जातो आणि कडेला त्याचं प्रमाण ५० टक्क्यांच्या घरात पोचतं. पण घन धातूत निकेलचा अणू सरकायचा म्हणजे फार सावकाश सरकतो, आणि तापमान उतरेल तसा तो आणखी मंदावतो. मिलिमीटरभर रुंदीचा कॅमासाइटचा पट्टा वाढायला लागणारा वेळ लाखो वर्षांत मोजावा लागतो. मोजमापांवरून काढलेले थंड होण्याचे वेग दर दहा लाख वर्षांना काही अंशांपासून काही हजार अंशांपर्यंत आहेत. आपल्या फाउंड्रीत साच्यातलं ओतकाम रात्रीतून हात लावण्याइतकं गार होतं.

हे पट्टे वाट्टेल तसे वाढत नाहीत. मूळ टॅनाइट स्फटिकात अष्टफलकाच्या (आठ त्रिकोणी पृष्ठांच्या आकाराच्या) पृष्ठांना समांतर अशा चार दिशा असतात, त्याच धरून ते वाढतात. तुकडा कापून, पॉलिश करून नायट्रिक ॲसिडचा सौम्य हात दिला की कॅमासाइट आणि टॅनाइट वेगवेगळ्या वेगानं झिजतात आणि एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उठून येते. व्हिएन्नात आलोइस फॉन बेक विडमनश्टेटन यांनी १८०८मध्ये ह्राशिनाच्या उल्केवर ती पाहिली आणि त्यांचं नाव तिला चिकटलं. त्याआधी १८०४मध्ये नेपल्सला थॉमसन यांनी क्रास्नोयार्स्कच्या उल्केवर तेच पाहून छापलंही होतं. श्रेय वाटपात असं व्हायचंच.

नक्षी ओळखताना मी काय बघते ते सांगते. ऑनलाइन विकणारे हल्ली स्टेनलेसच्या पत्र्यावरही ती नक्षी कोरून देतात, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

पहिली गोष्ट कोपरा. दोन लगतच्या बाजू घासून दोन्हींवर ॲसिड लावा. खरा पट्टा म्हणजे धातूच्या आत घुसलेली पाटी असते, त्यामुळे ती एका बाजूवरून कडेला येऊन दुसऱ्या बाजूवर पुढे जाते, फक्त कोन बदलतो. कोरलेली नक्षी कडेला येऊन थांबते. दुसरी गोष्ट कोन. छेद घनाच्या पृष्ठाला समांतर असेल तर दोनच दिशा दिसतील, काटकोनात. अष्टफलकाच्या पृष्ठाला समांतर असेल तर ६० अंशांचे त्रिकोण दिसतील, आणि चौथी दिशा छेदालाच समांतर असल्यानं तिचे रुंद, वेडेवाकडे डाग येतील. मधल्या बहुतेक छेदांत चार दिशा. म्हणजे त्रिकोण दिसले नाहीत म्हणून नाराज व्हायचं कारण नाही. तिसरी गोष्ट, आणि मला हीच सर्वांत पक्की वाटते: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिशा त्याच राहतात. सव्वादोन किलोचा तुकडा हा बहुधा एकाच प्रचंड स्फटिकाचा भाग असतो. आपल्या पोलादी ओतकामातही विडमनश्टेटन याच नावाची रचना मिळते, पण ती मायक्रोस्कोपखाली आणि कणाकणाला दिशा बदलणारी. बिडात किंवा ओतीव पोलादात नुसत्या डोळ्यांना दिसतात ते डेंड्राइट, खोड आणि त्याला फुटलेल्या काटकोनी फांद्या. नवखा माणूस त्यालाच नक्षी समजतो. पट्ट्यांना फांद्या नसतात.

मग आतले पाहुणे. ट्रॉयलाइटचे, म्हणजे लोहगंधकाचे, कांस्यरंगी गोल डाग. श्रायबरसाइटच्या चांदीसारख्या, काचेसारख्या ठिसूळ पट्ट्या, ज्यात लोखंड, निकेल आणि फॉस्फरस असतो. कुठे ग्राफाइट. कॅमासाइटमध्ये केसासारख्या बारीक सरळ रेषा दिसल्या तर त्या नॉयमन रेषा. अवकाशातल्या टकरींच्या धक्क्यानं स्फटिकाचे पातळ थर झटक्यात वळतात, त्याच्या त्या खुणा. उल्का पडून फार काळ झाला नसेल तर कडेचा एक-दोन मिलिमीटरचा थर वेगळाच दिसतो: वातावरणातून येताना तो क्षणभर तापला आणि लगेच गार झाला, त्यामुळे तिथला कॅमासाइट विस्कटलेला, दाणेदार असतो. तुमचा गोळा इतका गंजलाय की हा थर उरला असेल असं वाटत नाही.

आता 'परिस्थितीवर अवलंबून'वाला भाग. नक्षी नाही म्हणजे उल्का नाही, असं म्हणता येत नाही. निकेल सुमारे ६ टक्क्यांहून कमी असेल तर सगळाच कॅमासाइट होतो, पट्टे पडतच नाहीत. त्यांना हेक्साहेड्राइट म्हणतात. निकेल १६च्या आसपास किंवा वर गेलं तर पट्टे इतके बारीक होतात की डोळ्यांना काही दिसत नाही, ते ॲटॅक्साइट. नामिबियातली होबा उल्का, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा सलग तुकडा, सुमारे ६० टन, ती याच प्रकारची. पण तुमचं ७.८ खरं असेल तर नक्षी दिसायलाच हवी, फक्त एक अपवाद सोडून. मधल्या काळात कुणी लोहारानं तो गोळा भट्टीत घातला असेल तर नक्षी पुसट झाली असेल किंवा गेली असेल.

आपल्याकडे हे घडलेलं आहे. १६२१मध्ये जालंधरजवळ पडलेलं लोखंड जहांगीर बादशहानं कारागिराकडे दिलं. ते घणाखाली टिकेना, तुकडे पडू लागले. शेवटी तीन भाग आकाशातलं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर घडवले, असं त्याच्याच आठवणींत नोंदवलंय. त्यातलं एक पातं आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. धातूशास्त्राच्या नजरेनं वाचलं तर मला यात ट्रॉयलाइट दिसतं. लोखंड आणि लोहगंधकाचं मिश्रण ९८८ अंशांनाच वितळतं, म्हणजे लालभडक तापवून घण मारला की आतल्या आत पातळ थर सुटतो आणि धातू फाटतो. तेव्हा आजोबांच्या आधी गोळा कुणाकडे होता, त्याला तापवल्याच्या, ठोकल्याच्या खुणा आहेत का, हे घरातल्या थोरांना विचाराच. एक सपाट, चेपलेली बाजू तुमच्या फोटोत मला दिसतेय, ती नंतर ठोकलेली असू शकते.

गटाबद्दल लोक फार घाई करतात. ७.८ टक्के निकेल तीन वेगवेगळ्या गटांत सापडेल. नामिबियाची गिबियन उल्का, निकेल ७.९, पट्टे जेमतेम ०.३ मिलिमीटर, गट फोर-ए. ऑस्ट्रेलियाची हेन्बरी, निकेल ७.५, पट्टे ०.९, गट थ्री-ए-बी. मेक्सिकोची टोलुका, निकेल ८.१, पट्टे १.४, गट वन-ए-बी. निकेल जवळजवळ सारखंच, पट्टे पाचपटीपर्यंत वेगळे, कारण थंड होण्याचा वेग वेगळा. म्हणून पट्ट्याची रुंदी आधी मोजायची, आणि तीही पाटीला काटकोनात, तिरप्या छेदात दिसते ती फुगलेली रुंदी नव्हे. त्यावरून फक्त अंदाज येतो. पक्का गट ठरतो तो गॅलियम, जर्मेनियम आणि इरिडियम यांच्या प्रमाणावरून. जर्मेनियम फोर-एमध्ये ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांतल्या भागांच्या) आसपास, थ्री-ए-बीत काही दहा, आणि टोलुकासारख्यांत शेकडो पीपीएम. हे मकरपुऱ्यात कुणी करून देणार नाही, त्याला संशोधन संस्थेचीच प्रयोगशाळा लागते.

एका वाचकांनी खाली लिहिलंय की बनासकांठ्यात पडलेल्याचाच हा भाग असेल. नाही. १७ ऑगस्ट २०२२ला तिथल्या दियोदरला पडलेली उल्का ऑब्राइट आहे, फिकट रंगाची, दगडी. तिचा आणि लोखंडी गोळ्याचा संबंध नाही, शिवाय तुमचा गोळा आजोबांच्या काळापासून घरात आहे.

घरी कापायचं का? कापू नका, 'खिडकी' उघडा. एखादा पुढे आलेला कोपरा निवडा, जिथे दोन बाजू मिळतात. तिथे दोन्हीकडे दीड-दोन सेंटिमीटरचा सपाट भाग कानसीनं आणि पाणी लावून पॉलिशपेपरनं करा: १२०, २४०, ४००, ६००, १०००. प्रत्येक वेळी दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. अँगल ग्राइंडर लावू नका. धातू निळा पडला म्हणजे तिथे सुमारे ३०० अंश झाले, आणि त्या घाईत कोपराही जातो. इथपर्यंतचं काम घरी होऊ शकतं.

ॲसिडचं मात्र घरी करू नका असंच सांगेन. आम्ही अल्कोहोलमध्ये २ ते ५ टक्के नायट्रिक ॲसिड घालून नायटल करतो. ॲसिड अल्कोहोलमध्ये घालायचं, उलट कधीच नाही, आणि उरलेलं बाटलीत बूच लावून ठेवायचं नाही, वायू धरून बाटली फुटू शकते. कुठल्याही मेटॅलोग्राफी लॅबमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे. खिडकी तयार करून नेलीत तर बहुतेक जण उत्सुकतेपोटीच करून देतील. लावल्यावर पाण्यानं धुणं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवणं, पुन्हा अल्कोहोलनं धुऊन गरम हवेनं सुकवणं, एवढं त्यांच्याकडून नक्की करून घ्या.

ते तांबूस थेंब मला नक्षीपेक्षा जास्त काळजीचे वाटतात. तो क्लोराइडचा गंज आहे. पुराच्या पाण्यातून किंवा मूळ जमिनीतून शिरलेलं क्लोराइड धातूच्या फटीत बसतं, हवेतला ओलावा ओढतं आणि आतून पोखरत राहतं. वडोद्याचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. कुणी फरशी धुण्याचं ॲसिड वापरून गंज काढायला सांगेल, ते अजिबात करू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, म्हणजे तुम्ही आणखी क्लोराइडच घालाल. गोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. काही आठवड्यांनी बाहेर काढून अल्कोहोलनं पुसा आणि शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास सुकवा. एवढ्या तापमानानं आतल्या रचनेला काही होत नाही. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. ओला असताना वरून तेल चोपडलंत तर ओलावा आतच कोंडला जाईल.

नक्षी दिसली तर पुढची पायरी सरकारी आहे. देशात मिळालेल्या उल्कांचा सांभाळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतो, आणि त्यांचं कार्यालय गांधीनगरला आहे. अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळेत) उल्कांवर काम होतं, दियोदरचा अभ्यासही त्यांनीच केला. अधिकृत नावासाठी आंतरराष्ट्रीय समितीचा नियम असा की एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, यांतलं जे कमी असेल तेवढा नमुना मान्य संस्थेत जमा राहायला हवा. तुमच्यासाठी ते २० ग्रॅम. पण त्यांचा पहिला प्रश्न 'कुठे सापडली' हा असेल, कारण अर्जेंटिनाच्या कॅम्पो देल सिएलो किंवा रशियाच्या सिखोते-आलिन या लोखंडी उल्कांचे खरे तुकडे बाजारात सहज मिळतात आणि कुणाच्याही घरात असू शकतात. आजोबांची डायरी, पत्र, कच्छमधल्या गावाचं नाव, जे मिळेल ते गोळा करून ठेवा. मँगनीजचा आकडा, घनता आणि खिडकीचा फोटो इथे टाका, फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे पट्ट्यांची रुंदी काढता येईल.